बाणाची वात किती वेळ देते?

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. ‘ऑक्टोबर स्काय’ हा चित्रपट पाहिल्यापासून स्वतःचा बाण बनवून उडवायचे त्याने मनावर घेतले आहे. दिवाळीच्या फटाक्यांच्या वाती काढून वापरता येतील का, की दोऱ्याला दारू लावून वात घरीच करावी, असे तो रोज विचारतो. मला स्वतःला कुतूहल वेगळ्याच गोष्टींचे आहे. बाणाची वात वाऱ्यात विझत कशी नाही? ती पेटल्यावर बाण किती वेळाने उडणार, हे कारखान्यात कसे ठरवतात? आणि तो नेमका वर गेल्यावरच कसा फुटतो? — एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, म्हणजे बाकीचे निवांत वाचता येईल. नाही. फटाक्यातली वात काढून वापरायची नाही आणि घरी वात करायचीही नाही. याचे कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नात दडले आहे. वातीचे काम विस्तव पोचवण्याचे आहे असे आपण समजतो, पण विस्तव काय, पेटत्या काडीनेही पोचवता येतो. वात असते ती वेळ मिळावा म्हणून. पेटवणाऱ्याला मागे सरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तिने द्यायचा, दरवेळी तेवढाच द्यायचा. हे साधायला माणसाला काही शतके लागली आहेत.

आता विझण्याचे. समईची वात तेल जाळते आणि त्यासाठी लागणारा प्राणवायू खोलीतल्या हवेतून घेते. म्हणून फुंकर मारली की ज्योत बाजूला होते, वात थंडावते आणि समई विझते. बाणाच्या वातीत बंदुकीची दारू असते : सोरा, कोळसा आणि गंधक. कोळसा हे जळण. गंधक लवकर पेटतो आणि कोळशाला पेटवून देतो. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्यात प्राणवायू बांधलेला असतो आणि सोरा तापला की तो मोकळा होतो. म्हणजे ही वात आपली हवा आपल्याबरोबर घेऊन फिरते. एक कण जळाला की त्याच्या उष्णतेने शेजारचा कण तापतो, त्यातला प्राणवायू सुटतो, तोही जळतो, आणि आग अशी कणाकणाने पुढे सरकत जाते. तिला बाहेरच्या हवेची गरज नसते. म्हणूनच ती नळीच्या आत, जिथे वारा शिरू शकत नाही तिथेही, बिनबोभाट जळत जाते. पायाखाली चिरडली तर विझेलच असा भरवसा मुळीच धरू नये. मुले असे करताना दिसतात, त्यांना तिथल्या तिथे थांबवावे.

वारा जे करू शकत नाही ते ओल करते. सोरा पाण्यात सहज विरघळतो, शिवाय पाणी उष्णता शोषून घेते. सादळलेला फटाका फुसका निघतो तो यामुळे. असे फटाके उन्हात वाळवून पुन्हा वापरायची सवय आपल्याकडे घरोघर आहे आणि ती वाईट आहे. विरघळलेला सोरा वाळताना मूळ जागी परत जात नाही. कुठे त्याचे दाणे जमतात, कुठे नुसता कोळसाच उरतो. वात मग एका ठिकाणी रेंगाळते आणि पुढच्या बोटभर अंतरात झपकन पळते. वरून पाहून यातले काहीही कळत नाही. सादळलेला फटाका बादलीभर पाण्यात बुडवून टाकून द्यावा.

सोऱ्याबद्दल थोडे विषयांतर करतो, कारण ती आपल्या मातीतली वस्तू आहे. गुरांच्या जुन्या गोठ्यांच्या भिंतींना पांढरा लोणा फुटतो, त्यात याच कुळातले क्षार असतात. बिहारमध्ये अशी माती धुऊन, उकळून सोरा काढण्याचा मोठा धंदा होता आणि सतराव्या-अठराव्या शतकांत डच आणि इंग्रज व्यापारी पाटण्याहून जहाजे भरभरून तो युरोपला नेत. युरोपातल्या कितीतरी लढाया बिहारच्या मातीतल्या सोऱ्यावर लढल्या गेल्या.

आपल्याकडे तोफा-बंदुकांच्या जमान्यात या विद्येचे शब्दही मराठीत रुळले होते. तोफेच्या कानात रंजक घालायची आणि तिला बत्ती द्यायची. तोड्याच्या बंदुकीला जामगी असे, म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली दोरी. ही दोरी पेटली तरी तिला ज्योत नसते. ती तासन् तास धुमसत राहते आणि शिपायाच्या हाताशी विस्तव तयार असतो. जामगी विस्तव राखते आणि रंजक तो क्षणात आत पोचवते. बाणाच्या वातीला या दोन्हींच्या मधले काम करावे लागते : जामगीइतके रेंगाळायचे नाही, रंजकीसारखे भडकायचे नाही.

शोभेच्या दारूतही हे कसब पणाला लागत असे. सोळाव्या शतकात एकनाथांनी ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले, त्यात लग्नाच्या थाटात दारूकामाचे वर्णन येते, म्हणजे महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना ते ओळखीचे होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी 1400 ते 1900 या पाच शतकांतल्या भारतीय दारूकामाचा इतिहास लिहून ठेवला आहे. तो 1953 साली पुस्तकरूपाने निघाला. या विषयात रस असणाऱ्याने गोड्यांना वगळून पुढे जाऊच नये. पेशव्यांच्या बखरीतला एक प्रसंग त्यांनी दिला आहे. महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन सांगितले. तिथला राजा गावाबाहेर दारूची लंका उभी करी. राक्षस, वानर, रावण सगळे दारूचेच. मारुतीच्या शेपटीला बत्ती दिली की तो हवेत उडे आणि लंकेतली घरे एकामागून एक पेटवत जाई. पेशव्यांना ते पाहावेसे वाटले, आणि तसाच खेळ पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी अंधाऱ्या रात्री झाला. लोक पर्वतीवर गर्दी करून बसले होते.

हे वाचताना मला त्या दारूकामगारांचे फार कौतुक वाटते. एका विस्तवाने एवढी चित्रे ठरलेल्या क्रमाने पेटवायची म्हणजे आतून वातींचे जाळेच विणलेले असणार, आणि कुठली वात कधी पोचेल याचा अंदाज त्यांच्या हाताला असणार. अंदाजच म्हणावे लागते. त्या काळी वात हाताने होत असे आणि जेवढे हात तेवढ्या तिच्या तऱ्हा.

अंदाज चुकला की काय होते, हे सर्वांत जास्त खाणकामगारांनी भोगले. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात कथील आणि तांब्याच्या खाणी होत्या. खडकाला भोक पाडायचे, त्यात दारू ठासायची, आणि वात म्हणून दारू भरलेली गवताची काडी किंवा हंसाच्या पिसाची नळी खोचायची. काडीत दारू कुठे दाट भरली जाई, कुठे विरळ, मधेच कुठे काहीच नसे. कधी वात पेटवताच सुरुंग उडे आणि माणूस तिथेच राही. कधी बराच वेळ काहीच होत नसे, वात विझली असे समजून माणूस पाहायला जाई, आणि तेवढ्यात आत धुमसणारा विस्तव दारूपर्यंत पोचे. हा दुसरा प्रकार अधिक घातक, कारण त्यात माणूस आपल्या पायांनी मरणाकडे चालत जातो.

त्याच परगण्यात टकिंगमिल नावाच्या गावी विल्यम बिकफर्ड हा कातड्याचा व्यापारी राहत होता. खाणीशी त्याचा संबंध नव्हता, पण आसपासच्या घरांमधले हे मृत्यू त्याला पाहवत नव्हते. एकदा तो एका ओळखीच्या दोरखंड वळणाऱ्याकडे गेला होता. तिथे पीळ घालत पुढेमागे चालणारे कामगार पाहून त्याला सुचले की, दोरी वळली जात असतानाच तिच्या पोटात दारूची बारीक धार सोडत राहिली तर सगळीकडे सारखीच दारू भरली जाईल. दारूभोवती तागाचा पीळ, त्यावर उलट दिशेने दुसरा पीळ म्हणजे पहिला उसवू नये, आणि वरून डांबराचा लेप म्हणजे पाणी शिरू नये. 1831 साली त्याने या वातीचे पेटंट घेतले. ती फुटाला साधारण तीस सेकंद या वेगाने जळे. खाणकामगाराला प्रथमच हिशेब करता आला : मला दोन मिनिटांची वाट चालायची आहे, म्हणजे चार फूट वात हवी. बिकफर्ड 1834 साली वारला. त्याचा कारखाना पुढे जगभर वात पुरवू लागला आणि आजही सुरुंगाची साधी वात मूळच्या त्याच्याच धर्तीवर असते.

या गोष्टीतला माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग असा की बिकफर्डने दारूत काहीही नवे शोधले नाही. दारू तीच, तिचे प्रमाण तेच. त्याने सारखेपणा शोधला. आणि सारखेपणा हाताला येत नाही, तो यंत्राने आणि तपासणीने येतो.

आता बाणाच्या वातीकडे येऊ. फटाक्यांच्या वातीचा एक गुण फार थोड्यांना माहीत असतो. उघड्या दोऱ्यावरची दारू जळते तेव्हा तिचा तापलेला वायू आजूबाजूला निघून जातो, म्हणून आग सावकाश सरकते. तीच वात कागदाच्या नळीत बसली की वायूला बाजूला जायला वाट राहत नाही. तो नळीतून पुढे धावतो आणि जाता जाता पुढची सगळी दारू पेटवत सुटतो. बोटभर अंतराला एखादा सेकंद घेणारी वात अशा नळीत सेकंदाला कित्येक फूट धावते. फटाक्यांच्या लांब माळा किंवा जत्रेतली दारूची झाडे झरझर पेटतात ती यामुळे. म्हणजे दारूला हात न लावता, केवळ कागद सैल आहे की घट्ट आहे एवढ्या फरकाने वेळ बदलतो. सुतळी बॉम्बची वात सोलून लांब करणाऱ्या पोरांना वाटते की आपण वेळ वाढवला. वेळ कधी वाढतोही. पण सोलताना दारू झडते, मधेच जागा कोरी पडते, आणि उरलेला कागद आत कसा गुंडाळला आहे ते दिसत नाही. घरी केलेल्या वातीतही हीच अडचण आहे. पहिली वात पाच सेकंद जळली म्हणून दुसरी पाच सेकंद जळेल, असे सांगायला काहीच आधार नसतो.

कारखान्यांना काय कसोटी लावतात याचे अमेरिकेतले उदाहरण बोलके आहे. तिथे घरगुती फटाक्याची वात फटाका पेटण्याआधी कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त नऊ सेकंद जळली पाहिजे, असा सरकारी नियम आहे. तीन सेकंदांचे कारण कुणालाही कळेल, मागे सरायला तेवढे लागतातच. पण नऊ सेकंदांची वरची मर्यादा कशाला? वात फार रेंगाळली तर माणसाला वाटते विझली, आणि तो वाकून पाहतो. कॉर्नवॉलच्या खाणकामगारांनी जीव देऊन शिकवलेला धडाच या आकड्यात आहे. त्याच नियमात असेही आहे की वातीवर लेप किंवा आवरण हवे, म्हणजे बाजूने ठिणगी लागून ती मधूनच पेटणार नाही.

वर गेल्यावर बाण कसा फुटतो, हा तुमचा शेवटचा प्रश्न मला सर्वांत आवडला. बाणाच्या पोटातही एक वात असते, मात्र ती दोऱ्याची नसते. बाणाच्या नळीत दारू दाबून घट्ट बसवलेली असते आणि तिच्या मधोमध खालून एक पोकळी ठेवलेली असते. बाहेरची वात या पोकळीत आग नेते. पोकळीच्या सगळ्या भिंती एकदम पेटतात, भरपूर वायू तयार होतो आणि खालच्या तोंडातून जोराने बाहेर पडतो. वायू खाली, म्हणून बाण वर, हा न्यूटनचा तिसरा नियम शाळेत शिकलेला असतोच. पोकळीच्या वरच्या बाजूला मात्र भरीव दारू असते. पोकळीभोवतालची दारू संपली की बाण मिळालेल्या वेगावर वर जात राहतो, आणि तेवढ्यात ही भरीव दारू थराथराने वर जळत जाते. ती संपली की आग माथ्यावरच्या चांदण्यांना किंवा बाराला लागते. त्या चांदण्यांत स्ट्रॉन्शियमचे क्षार असले तर लाल रंग, बेरियमचे असले तर हिरवा, तांब्याचे असले तर निळा, सोडियमचे असले तर पिवळा. लांब काडी बाणाचे तोंड वर धरते. काडी मोडून बाण सोडणे म्हणजे तो कुठेही जाऊ देणे.

दाबून बसवलेल्या दारूत एक बारीकशी भेग असली तरी आग त्या भेगेत शिरते. जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, वायू मावत नाही आणि बाण उडण्याऐवजी जागेवरच फुटतो. भेग बाहेरून दिसत नाही. नळी जितकी मजबूत तितका स्फोट भयंकर. हैदर आणि टिपूच्या म्हैसुरी बाणांची ताकद त्यांच्या लोखंडी नळीत होती. कागद किंवा बांबूपेक्षा लोखंड जास्त दाब सोसते, म्हणून ते बाण लांब जात. 1780 साली पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांना त्यांचा फटका बसला. पुढे श्रीरंगपट्टणहून नेलेल्या बाणांवरून विल्यम काँग्रिव्हने इंग्लंडमध्ये आपले अग्निबाण घडवले. पण ती लष्करी चीज होती. लोखंडी नळीचा बाण जागेवर फुटला तर नळीचे तुकडे गोळीसारखे उडतात. घरी बाण करणाऱ्या मुलांच्या हाती सापडते तीही बहुधा लोखंडी किंवा प्लास्टिकची नळीच, आणि तिथेच घात होतो.

तुमच्या मुलाने पाहिलेला चित्रपट होमर हिकम यांच्या ‘रॉकेट बॉइज’ या आठवणींवर बेतलेला आहे. वेस्ट व्हर्जिनियातील कोलवूड हे कोळशाच्या खाणीचे गाव. 4 ऑक्टोबर 1957 रोजी रशियाने स्पुटनिक सोडला आणि त्याने भारावलेल्या होमरने पहिला बाण केला. तो उडाला नाही, फुटला, आणि आईच्या गुलाबांभोवतालचे कुंपण उडवून गेला. चित्रपटात हे गमतीचे वाटते. पण त्या एका-दोन वर्षांत अमेरिकेत अशी असंख्य मुले घराच्या मागच्या अंगणात नळ्यांत रसायने भरत होती. कुणाची बोटे गेली, कुणाचे डोळे, काही जिवानिशी गेली. होमर आणि त्याचे मित्र वाचले. नंतर त्यांनी गावापासून दूर जागा धरली, आडोसा बांधला आणि खाणीच्या कारखान्यातल्या जाणत्या कारागिरांकडून नळ्या करून घेतल्या. तुमच्या मुलाला हा भाग मुद्दाम दाखवा.

त्याच वर्षी या प्रश्नावर तोडगाही निघाला आणि त्याची गोष्ट चित्रपटाइतकीच सुरस आहे. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल यांचे पादत्राणांचे दुकान होते आणि शोभेच्या दारूचा त्यांना छंद होता. त्यांच्या भावाला विमानांच्या नमुन्यांची आवड. दोघांनी मिळून 1954 साली हलक्या कागदाचा, पंख लावलेला, पॅराशूटने खाली येणारा छोटा बाण केला. पुढे न्यू मेक्सिकोच्या व्हाइट सँड्स क्षेपणास्त्र चाचणी केंद्रात काम करणारे हॅरी स्टाइन घरगुती बाणांच्या धोक्याबद्दल मासिकांतून लिहीत होते. त्यांचा लेख वाचून कार्लाइलनी त्यांना आपले नमुने पाठवले. स्टाइनना त्यात नेमके हवे ते सापडले. बाणाचे अंग मुलाने करायचे, पंख त्याने कातरायचे, आकडेमोड त्याने करायची. दारूचे इंजिन मात्र कारखान्यात यंत्राने दाबलेले आणि तपासलेले. 1957 साली यातून बालरॉकेटांचा छंद उभा राहिला, त्याची राष्ट्रीय संघटना झाली, आणि पुढच्याच वर्षी व्हर्न एस्टेस यांनी अशी इंजिने भराभर काढणारे यंत्र केले. कार्लाइलचे ते पहिले बाण आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत.

या छंदाच्या नियमावलीत तुमच्या प्रश्नाचे सगळ्यात नेमके उत्तर आहे : तिथे आगवातीला जागाच नाही. बाण विजेनेच पेटवायचा. बटण सोडताच प्रवाह तुटला पाहिजे. लहान इंजिनाला किमान 15 फूट, मोठ्याला 30 फूट दूर उभे राहायचे आणि मोठ्याने उलटे आकडे मोजायचे. बटण दाबूनही बाण उडाला नाही तर बॅटरीची तार काढायची आणि पूर्ण एक मिनिट कुणीही जवळ जायचे नाही. इंजिन स्वतः बनवायचे नाही, विकतचे उघडायचेही नाही. विजेचा फायदा असा की वेळ वातीच्या लहरीवर राहत नाही, माणूस आधीच दूर उभा असतो. अमेरिकन शास्त्रज्ञ गोडार्ड यांना 16 मार्च 1926 रोजी जगातला पहिला द्रवइंधनी अग्निबाण उडवताना हे सुख नव्हते. त्यांच्या मदतनिसाने लांब काठीला ज्योतीचा दिवा बांधून तो पेटवला होता. बाण अडीच सेकंदांत 41 फूट वर गेला. पण काठीच्या लांबीइतके अंतर राखायचे भान त्यांना होते.

आता आपल्याकडचे. भारतात परवान्याशिवाय शोभेची दारू बनवणे हा 1884 च्या स्फोटक कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती एका बाणापुरती का असेना. या सगळ्याची देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचे, पेसोचे, मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. 1992 पासून देशात गंधक आणि क्लोरेट एकत्र असलेले मिश्रण बनवायला आणि जवळ बाळगायलाही बंदी आहे, कारण ते नुसत्या घासण्याने पेटू शकते. आगपेट्यांतून किंवा फटाक्यांतून काढलेली दारू एकत्र करणाऱ्या मुलाला आपण नेमके काय कशात मिसळतो आहोत हे माहीत नसते, म्हणून ही बंदी त्यालाही लागू आहे आणि त्याच्याच भल्याची आहे. शिवकाशीच्या परवानाधारक कारखान्यांत एका शेडमध्ये मोजकीच माणसे आणि मोजकाच माल ठेवायचे नियम आहेत. तेच तिथे मोडले जातात आणि माणसे मरतात. 2012 च्या सप्टेंबरात शिवकाशीजवळच्या मुदलीपट्टीच्या कारखान्यातल्या स्फोटात तीसहून अधिक जण गेले. ही माणसे रोज हेच काम करणारी होती. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे काम सुरक्षित होईल असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दिवाळीला विकतचा बाण सोडालच, तर थोडे पाळा. काचेची बाटली कलंडते, तिच्याऐवजी वाळूने भरलेल्या बादलीत उभी नळी रोवा आणि बाण तिच्यात सैल उभा ठेवा. वर तारा, झाडे, गवताचे छप्पर नको. लांब उदबत्तीने, हात पूर्ण पसरून, चेहरा बाजूला ठेवून वातीच्या टोकाला आग लावा. न पेटलेल्या बाणाकडे वाकून पाहू नका, बराच वेळ थांबा आणि मग लांबूनच पाणी ओता. पुन्हा पेटवायचा नाही.

आणि मुलाला निराश करू नका, त्याची ओढ चांगली आहे. त्याला पाण्याचा बाण करू द्या. शीतपेयाची जाड प्लास्टिकची बाटली घ्यायची, नव्या स्थितीतली, चरा पडलेली किंवा उन्हाने कडक झालेली नको. तिला पुठ्ठ्याचे पंख आणि वर टोपी लावायची. तिच्यात तिसऱ्या हिश्शापर्यंत पाणी भरायचे, तोंडाला घट्ट बूच, बुचातून हवा भरायची सुई, आणि सायकलचा पंप. दाब वाढला की पाणी खाली फेकले जाते आणि बाटली चांगली उंच जाते. न्यूटनचा नियम तोच, गंमत तीच. पंप लांब नळीने जोडावा, जवळ एक मोठे माणूस असावे, आणि हवा भरत असताना बाटलीवर कुणी वाकू नये. दाब सायकलच्या टायरएवढ्यावरच थांबवावा.

उंची मोजायला कोनमापकाला दोरा आणि दोऱ्याला एक नट बांधा. बाणापासून 20 मीटर दूर उभे राहा आणि तो माथ्यावर असताना कोन पाहा. 45 अंश आला तर बाण 20 मीटर अधिक तुमच्या डोळ्यांची उंची एवढा वर गेला. पाणी कमी-जास्त करून पाहायला सांगा आणि प्रत्येक वेळचा आकडा वहीत लिहायला सांगा. दहा-बारा उड्डाणांनंतर किती पाण्याला बाण सगळ्यात उंच जातो ते त्याचे त्यालाच सापडेल. तो आकडा आम्हाला जरूर कळवा, पुढच्या अंकात छापू.